सात दिवस अळणी

रविवार, १२ जानेवारी

निसर्गोपचार केंद्राचं पत्रक समोर ठेवूनच बॅग भरली होती. चहा-कॉफी आणू नये, फरसाण-बिस्किटं आणू नयेत, मोबाइल दिवसातून एकच तास. सगळं पाळलं, एक सोडून. मागच्या दिवाळीत पुणे–सिकंदराबाद शताब्दीत चहाच्या ट्रेमध्ये मिळालेल्या साखरेच्या पुड्या आणि टी-बॅगा पर्सच्या चोरकप्प्यात होत्या. चुकून राहिल्या असं नवऱ्याला सांगितलं असतं. इथे खरं सांगते, मोजून घेतल्या होत्या. पुड्या सहा, टी-बॅगा चार.

जायचं कारण साधं. बँकेतली तेहतीस वर्षं झाली, निवृत्तीला दोन उरली, वरचं बीपी दीडशेच्या खाली यायचं नाव घेत नाही आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.३. आमचे ठाण्याचे डॉक्टर भला माणूस, पण बाहेर बाकावर तीस जण ताटकळत बसलेले असतात. "मीठ कमी करा, चालणं वाढवा, टेन्शन घेऊ नका," एवढं म्हणून झालं की माझी पाळी संपते. या वेळी त्यांनी बीपीची चाळीसची गोळी ऐंशीची केली, आणि त्याच रात्री मी रागारागाने दौंड तालुक्यातल्या एका निसर्गोपचार केंद्राचे पैसे भरून टाकले. दोघींत एक खोली, सात दिवसांचे चोवीस हजार. एसी कॉटेज घेतलं असतं तर दुप्पट.

छापील अटी वाचायची बँकेतली खोड, म्हणून आरोग्य विम्याचं पुस्तकही काढलं. विमा नियामकाने २०२४ साली आयुष, म्हणजे आयुर्वेद, योग, निसर्गोपचार अशा उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवायला कंपन्यांना सांगितलंय, त्यामुळे थोडी आशा होती. पण न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत नेचर क्युअर क्लिनिक आणि स्पा एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले. विम्याच्या लेखी मी मसाज करून घ्यायला चालले होते. उद्या हेच बीपी डोक्यात गेलं आणि आयसीयूत पडले, तर मात्र लाखोंनी खर्च मिळेल.

दौंडची गाडी लोणी, उरुळी करत यवतच्या पुढे गेली की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. स्टेशनवर केंद्राची जीप होती. पोचल्यावर सामानाची झडती झाली नाही, त्यामुळे चोरकप्पा शाबूत राहिला.

केस पेपर करायला बसलेली डॉक्टर मुलगी तिशीच्या आतली, निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी घेतलेली. तिने बीपी घेतलं, १५२/९४. मग विचारायला लागली. झोप किती, मध्ये किती वेळा उठता, लोणचं रोज की अधूनमधून, ऑफिसात जिना चढता का. आणि मग, "घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

मी म्हटलं, "मी. का हो?"

"उरलेलं संपवता?"

चोवीस हजार कशाचे ते मला तिथे पहिल्यांदा कळलं. घड्याळ पाहिलं तर पंचवीस मिनिटं झाली होती. इतका वेळ माझ्या तब्येतीबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं, आईनेसुद्धा.

रात्रीचं जेवण साडेसहाला: उकडलेला दुधी, पातळ मूग, एक भाकरी, मीठ कशातच नाही. पहिल्या घासाला वाटलं वाढपी विसरला. समोरचा मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "पावडर न विरघळलेल्या ओआरएससारखं लागतंय." तरी कसंबसं उरकलं. बाहेर आले तर वारा फिरला होता आणि भिंतीपलीकडून उकळत्या रसाचा वास येत होता. दोन शेतं सोडून गुऱ्हाळ आहे. मीठ-साखर सोडायला आलेली चाळीस माणसं अंगणात उभी राहून गुळाचा वास ओढत होती.

सोमवार, भोगी

पाचला घंटा. नळीच्या भांड्याने कोमट पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायचं. मला जमलं, रूममेटच्या घशात गेलं. रूममेट म्हणजे सोलापूरच्या निवृत्त सिस्टर. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी, वॉर्डात उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. गुडघ्यांसाठी आल्यात. त्यांना इथलं फारसं काही पटत नाही, पण मुलीने पैसे भरले म्हणून आल्या. "फुकट जाऊ द्यायचं नाही" हे त्यांचं एकमेव तत्त्व.

मग पोटावर मातीची पट्टी. शेतातली खोलवरची माती चाळून, रात्रभर भिजवून, पंचाच्या कापडात थापतात आणि ओटीपोटावर ठेवतात. जानेवारीत सकाळी सहा वाजता. कल्पना करा. पुढे एनिमा, त्याचं वर्णन करत नाही. त्यानंतर कटिस्नान: खुर्चीसारख्या आकाराच्या टबात गार पाण्यात कंबर बुडवून बसायचं, पाय बाहेर, आणि पोट कापडाने चोळत राहायचं. शेजारच्या टबातल्या बाई हौसेने सांगत होत्या, हे सगळं आपल्या ऋषिमुनींचं. तसं नाही. हा टब लाइप्झिगच्या लुई कूनेचा आहे, एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतला. मातीचे उपचार गांधीजींनी घेतले तेही अडॉल्फ युस्ट नावाच्या जर्मनाचं वाचून, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. योग आपला, उपवास आपला, टब जर्मन. म्हणून तो वाईट ठरत नाही, पण उगाच ऋषींना का भिजवायचं!

जर्मनीवरून आठवलं. माझी भाची तिकडे असते. तिच्या सासूबाईंचं पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना तीन आठवडे अशाच ठिकाणी पाठवलं होतं. पाण्यातले व्यायाम, चालणं, जेवण. खर्च विमा-व्यवस्थेचा, यांच्या खिशातून दिवसाला दहा युरो. भाचीने कौतुकाने सांगितलेली गोष्ट वेगळीच होती: निघताना तिथल्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना लांबलचक पत्र पाठवलं, काय केलं, काय चालू ठेवायचं, कशावर लक्ष ठेवायचं. दुपारी मी आमच्या डॉक्टर मुलीला विचारलं, आपण असं काही देतो का? ती म्हणाली, "डिस्चार्जचा कागद देतो, मॅडम. तो तुमचे डॉक्टर बघतील की नाही, ते सांगता येत नाही."

अकराला मालिश. मालिशवाल्या मावशी पलीकडच्या वस्तीवरून सायकलने येतात. हाताला लोखंडाची ताकद, जिभेला उसंत नाही. मी किती वजनाची, माझ्या खांद्यात किती गाठी, हे त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईला ओरडून सांगितलं. दिवसाला सात-आठ अंगं रगडतात. माझे खांदे दाबता दाबता मध्येच थांबल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. "काही नाही, गरगरलं जरा," म्हणाल्या आणि पुन्हा तेलात हात घातला.

जेवणात भोगीची भाजी होती. वांगी, गाजर, हरभरा, पावटा, वालाच्या शेंगा, वर तिळाचं कूट. मीठ नव्हतं, पण तिळामुळे दोन दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं. बाजरीची भाकरी तीळ लावलेली. मी दीड खाल्ली, सिस्टरनी दोन.

मंगळवार, संक्रांत

सणाच्या दिवशी रसाहार. दिवसभरात चार वेळा रस: दुधी, कोहळा, गाजर, आणि संध्याकाळी मधाचं लिंबूपाणी. अकरापासून कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी घण घालत होतं. शरीरातली विषं बाहेर पडतायत म्हणून होतं, असं एका सहाय्यकाने समजावलं. सिस्टर पलंगावरून म्हणाल्या, "विष कसलं, चहा तुटलाय तिचा. दिवसाला पाच कप पीत होती." हे खरं. कॅफीन अचानक थांबलं की दुसऱ्या दिवसापासून डोकं धरतं. चोरकप्प्यातल्या टी-बॅगा मला हाका मारत होत्या. रात्री झोपताना थर्मासमध्ये गरम पाणी मिळतंच. ठरवलं, आज रात्री एक कप.

दुपारी एक पाहुणे व्याख्याते आले, केंद्राचे नव्हेत. विषय: उद्याचं आरोग्य. पहिली स्लाइड बिनचूक होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. म्हणजे त्या उंबरठ्यावर मीपण. एवढ्या लोकांना दवाखान्यांच्या खाटा कधीच पुरणार नाहीत, हेही बरोबर. मग गाडी घसरली. गोळ्या म्हणजे गुलामी, औषध कंपन्यांचं कारस्थान, माझ्याकडे आलेल्यांनी तिसऱ्या दिवशी गोळ्या फेकल्या. टाळ्या पडल्या. बारामतीचे काका पुढच्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. अठ्ठावन्न एकर ऊस, अठरा वर्षांचा मधुमेह, आणि सोबत काकू, ज्या त्यांच्यासाठीच इथे अळणी खातात. सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "ह्याला कुणीतरी इन्सुलिनवरच्या पोराची आई भेटायला पाहिजे."

रात्री साडेअकराच्या सुमारास काकूंनी आमचं दार वाजवलं. "सिस्टर, हे वेड्यासारखं करतायत."

काका पलंगाच्या कडेला बसलेले. बाहेर कडाक्याची थंडी आणि त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. हात थरथरत होते आणि ते काकूंना शिव्या देत होते. तीन दिवस ज्या माणसाने "अहो ऐका ना" याशिवाय बायकोला हाक मारली नव्हती, तो. सिस्टरनी दिवा लावला, एकदाच बघितलं आणि मला म्हणाल्या, "माझ्या बॅगेतून मशीन आण." बोट टोचलं. साखर ४८, फारच खाली.

"कुठल्या गोळ्या घेतल्या?"

काकूंनी डबी पुढे केली. वार छापलेली, सकाळ-संध्याकाळचे खण असलेली, मुलाने पुण्याहून आणून आठवड्याची भरून दिलेली. मंगळवारचे दोन्ही खण रिकामे. ग्लिमेपिराइड दोन्ही वेळा. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही ते विचारत नाही. स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढत राहते. दिवसभर पोटात दुधीचा रस, आणि वर ही. उपवासाच्या दिवशी ती बंद ठेवायची असं केस पेपरवर लिहिलेलं होतं म्हणे. पण डबी कुणी उघडून बघितली नव्हती, आणि काकांच्या दृष्टीने मुलाने भरलेली डबी हीच आज्ञा.

"साखर आण," सिस्टर रात्रपाळीच्या पोराला म्हणाल्या.

"इथे साखर नसते," तो म्हणाला. "मध आहे. पण कोठीला कुलूप. किल्ली डॉक्टर मॅडमकडे, त्या गावात राहतात."

"मग जा, त्यांनाच घेऊन ये. पळ!"

मी खोलीत आले, पर्स उलटी केली, पुड्या घेतल्या. सिस्टरनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी काकांना चमचाभर पाणी देऊन गिळता येतंय ना ते पाहिलं. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीही घालता आलं नसतं. मग थर्मासच्या झाकणात कोमट पाणी, तीन पुड्या फोडून. रेल्वेची साखर भरड असते, ती विरघळेपर्यंत सिस्टर बोटानेच ढवळत होत्या. काका प्यायले, अर्धं अंगावर सांडलं. पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. ६१. आणखी तीन पुड्या. पुन्हा पंधरा मिनिटं. ८८.

त्या दुसऱ्या झाकणानंतर काका हळूहळू माणसात आले. आजूबाजूला बघितलं, काकूंना म्हणाले, "अहो ऐका ना, एवढी मंडळी का जमलीत?" काकू पदर तोंडावर धरून रडायला लागल्या.

डॉक्टर मुलगी स्वेटरवर शाल गुंडाळून धावत आली. कोठी उघडली, भाकरी आणि दूध आणलं, कारण प्यायलेल्या साखरेचा असर ओसरला तरी गोळीचा राहतो, साखर पुन्हा खाली जाऊ शकते. पहाटे दोनला आणि पाचला सिस्टरनी परत बोट टोचलं. माझ्या चार टी-बॅगा पलंगावर तशाच पडल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "ह्या कशाला आणल्यास?" मी गप्प.

बुधवार

सकाळी काकांना गाडीने दवाखान्यात नेऊन तपासून आणलं, दुपारी ते परत रांगेत हजर. डॉक्टर मुलीने काल रात्रीबद्दल सगळ्यांसमोर चूक कबूल केली. ते सोपं नव्हतं, समोर पैसे भरलेली चाळीस माणसं होती. मग एकेकाला खोलीतून गोळ्यांच्या डब्या घेऊन बोलावलं आणि प्रत्येकीचं झाकण उघडून, केस पेपरशी ताडून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तेच चाललं. सहा जणांच्या डबीत आणि कागदात फरक निघाला. एका बाईंकडे दोन डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी दोन नावांनी होती.

रात्रीच्या जेवणात सगळ्यांना पडवळ. डोकेदुखी गेली. चव अशी झाली होती की कोवळ्या गाजराला गोडवा जाणवत होता.

गुरुवार

दुपारी मोकळीक होती. सिस्टर, काका-काकू आणि मी केंद्राची जीप घेऊन उरुळी कांचनला गेलो. ज्या परंपरेतलं हे केंद्र, तिचं मूळ तिथलं.

मार्च १९४६. गांधीजी शहात्तर वर्षांचे. आधी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार चिकित्सालयात गरिबांसाठी संस्था उभारायचा बेत होता. मग त्यांचं त्यांनाच उमगलं की गरीब माणूस शहरात येऊन उपचार घेणार नाही, आणि असं वाटणं हा आपला मूर्खपणा होता हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. म्हणून स्टेशन असलेलं खेडं निवडलं, उरुळी. आठवडाभर राहिले, गावकऱ्यांना तपासलं: खरूज, गळवं, ताप. औषध म्हणजे ऊन, पाणी, माती, साधं जेवण आणि रामनाम. मग ते राजकारणाच्या गर्दीत निघून गेले आणि मागे राहिला सुरतकडचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा पदवीधर, मणिभाई देसाई. तो जन्मभर राहिला.

आश्रमात झाडाखाली जरा वेळ बसलो. मला मणिभाईंची गोष्ट गांधीजींपेक्षा जास्त ओढून घेते. रुग्णाला बरं करून घरी पाठवलं तरी घरी खायला काय आहे, हा प्रश्न उरायचाच. मग माणूस गाईंकडे वळला. देशी गाईंचा विदेशी वळूंशी संकर, गोठ्यापर्यंत जाऊन कृत्रिम रेतन, चारा, पाणी. १९६७ साली त्यांनी इथेच बाएफ ही शेती-पशुपालनाची संस्था सुरू केली, १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निसर्गोपचाराचा आश्रम चालवणाऱ्या माणसाला मोठा सन्मान मिळाला तो खेड्यातल्या कामासाठी. काका म्हणाले, "आमच्याकडं त्यांच्या संकराच्या गाई होत्या की! दूध विकून माझी शाळा झाली." मग जरा थांबून, "आणि त्याच दुधाचा चहा पिऊन ही साखर."

परतताना जीपमध्ये सिस्टरनी त्यांची गोष्ट सांगितली. त्या ससूनला शिकल्या. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स झालं, १२ जानेवारी १९२४ ला ससूनमध्ये कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने ऑपरेशन केलं. रात्रीची वेळ, वादळ, मध्येच वीज गेली, आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. "आपण इथे आलो ना रविवारी, तीच तारीख," सिस्टर म्हणाल्या. "मातीची पट्टी ठेवून नाही बसले ते. आणि उठल्यावर मातीची पट्टी सोडलीही नाही." काका त्या व्याख्यानाची वही मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांनी पिशवीत घातली.

शुक्रवार

मावशी आल्या नाहीत. दुसऱ्या बाईने मालिश केली. तिचे हात गार. दहाच्या सुमारास फाटकाशी मावशी दिसल्या. "आज माझी गोळ्यांची तारीख," म्हणाल्या. मी विचारलं, बरोबर येऊ का? त्यांना गंमत वाटली. चला म्हणाल्या.

वीस मिनिटं उसातून चालत गेलो. आरोग्य उपकेंद्र म्हणजे पिवळ्या भिंतींची तीन खोल्यांची इमारत. वरच्या पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर, आणि खालून आधीचं आरोग्यवर्धिनी हे नाव रंगातून डोकावत होतं. सरकारने २०१८ साली ही केंद्रं जाहीर केली तेव्हा इंग्रजी नाव हेल्थ अँड वेलनेस सेंटर होतं. म्हणजे वेलनेस सेंटरमधून निघून मी वेलनेस सेंटरलाच आले होते. इथे लिंबूपाणी नव्हतं. बाकावर आठ बायका, दोन म्हातारे, एक बाळ.

सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्य अधिकारी, आयुर्वेदातली बीएएमएस पदवी घेतलेल्या. मावशींचं बीपी घेतलं, पुस्तिकेत लिहिलं, १६०/९६. "मागच्या महिन्यात बरं होतं. गोळी चुकवली?" मावशींनी पाय हलवले. संक्रांतीला पोरगी आली होती, चार दिवस राहून गेलं. बीपीच्या अम्लोडिपिनच्या तीस गोळ्या, पैसे नाहीत. मॅडमने कॉम्प्युटरवर ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सेवा लावून तालुक्याच्या डॉक्टरांना विचारायचा प्रयत्न केला, नेट आलं, गेलं, पुन्हा आलं. दुसरी गोळी आत्ता नको, आधी ही महिनाभर नीट घ्या, असं ठरलं.

"आणि लोणचं?" मॅडम म्हणाल्या.

"कालवणाला मीठ कमी केलंय की."

"लोणचं विचारलं, मावशी."

मावशी माझ्याकडे बघून हसल्या. दिवसभर अळणी माणसांची अंगं रगडायची, आणि घरी जाऊन भाकरीवर लोणच्याचा खार. रोज पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून चहाचा एक चमचा, जागतिक आरोग्य संघटना एवढंच म्हणते. ते मी चोवीस हजार भरून शिकले, मावशी फुकटात ऐकून दुर्लक्ष करतात. माझं तरी घरी गेल्यावर काय होईल, कोण जाणे.

तेवढ्यात आशाताई आल्या, वही काखेत, मापाची टेप गळ्यात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर. त्या घरोघरी जाऊन बायकांच्या कमरा मोजतात. त्यातल्या निम्म्या बायका पदर घट्ट आवळून "उद्या ये" म्हणतात, मग ती उद्या जाते. मावशींची गोळी चुकली हे तिला आधीच माहीत होतं, कारण तिचं घर वस्तीच्या तोंडाशी आणि मावशींची सायकल तिच्या दारावरून जाते. जाता जाता तिने मला तिळगूळ दिला. मी घेतला आणि खाल्ला. पाच दिवसांनी गूळ जिभेवर पडला तर डोळ्यांत पाणी आलं, अतिशयोक्ती नाही.

परतताना मावशींना विचारलं, आमच्या केंद्रात तुम्हाला तपासत नाहीत का? "आमाला कशाला? आमी कामाला," त्या म्हणाल्या. संध्याकाळी डॉक्टर मुलीशी बोलले. तिने लिहून घेतलं. महिन्यातून एकदा कामाच्या माणसांचं बीपी घेऊ, म्हणाली. बघू.

शनिवार, निघायचा दिवस

वजन दोन किलो शंभर ग्रॅम कमी. बीपी १३४/८४. आनंदाने सिस्टरना दाखवलं. "वजनातलं बरंचसं पाणी आहे, चार दिवसांत भरून येईल," त्या म्हणाल्या. "बीपी खरं. मीठ तुटलं, झोप मिळाली, साहेब नाही. गोळी मात्र आपल्या मनाने कमी करायची नाही." डिस्चार्जचा कागद मी नीट घडी करून गोळ्यांच्या डबीत ठेवला, म्हणजे ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवायला विसरणार नाही. बाहेर तीस माणसं असली तरी तो त्यांच्यापुढे उघडून ठेवणार.

काकूंनी निघण्याआधी सगळ्यांचे नंबर घेतले आणि व्हॉट्सॲपवर गट केला. नाव काय ठेवायचं यावर काका म्हणाले, ज्या पुड्यांनी वाचलो त्यांचंच नाव. गटाचं नाव 'साखरपुडा'. माझ्या भाचीने ते बघून घाबरून फोन केला, कुणाचा?

सिस्टरनी गटात पहिलाच मजकूर हुकमी टाकला: रोज सकाळी आठच्या आत आकडा, बहाणे नकोत. ज्याला साखर त्याची साखर, ज्याला बीपी त्याचं बीपी. काका, डबी भरली की फोटो.

दौंडहून येणाऱ्या गाडीत गर्दी होती. उरुळीला चहावाला चढला. सिस्टरनी दोन कप घेतले, बिनसाखरेचे, एक माझ्या हातात दिला. बोलल्या काहीच नाहीत. पर्समध्ये चार टी-बॅगा अजून तशाच होत्या.

हडपसर सोडलं तेव्हा फोन वाजला. साखरपुड्यावर काकांचा फोटो: गोळ्यांची डबी, शनिवारचा सकाळचा खण रिकामा, संध्याकाळचा भरलेला. खाली लिहिलं होतं, "१३८. भाकरी दीड. लोणचं काकूंनी लपवलं आहे, कुठे ते शोधतो आहे."